लोगन-व्हेरिटोचे १.५ डीसीआय इंजिन लवकर पकडत नसेल तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

हा लेख लोगन आणि व्हेरिटो या गाड्यांच्या डिझेल इंजिनाच्या एकाच तक्रारीपुरता आहे. सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन पकडत नाही, किंवा बराच वेळ सेल्फ मारल्यावरच पकडते, अशी ती तक्रार. या तक्रारीच्या गाड्या मी वर्षानुवर्षे हाताळत आलो आहे. ‘पंप-नोझल गेले’ (म्हणजे डिझेलला दाब देणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे नोझल खराब झाले) हे निदान गॅरेजमध्ये जितक्या सहजपणे ऐकवले जाते, तितक्या वेळा ते खरे निघत नाही. बहुतेक गाड्यांत दोष पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून आणणाऱ्या नळीच्या मार्गात असतो, आणि तो शोधण्यासाठी हातभर पारदर्शक नळी पुरते. मात्र हाच किरकोळ दोष महिनोन्महिने तसाच ठेवला, तर तो खरोखरच पंप आणि नोझल घेऊन जातो.

लक्षणे

तक्रार सांगताना गाडीमालक ‘स्टार्टिंगचा प्रॉब्लेम आहे’ एवढेच सांगतो, पण त्या एका वाक्याखाली निरनिराळे दोष दडलेले असतात. म्हणून बोनेट उघडण्याआधी खालीलपैकी आपल्या गाडीला नेमके काय लागू पडते, ते दोन-तीन दिवस पाहून ठरवावे.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी लांबलचक सेल्फ घेते, सुरू होताना थरथरते, थोडा पांढरट धूर टाकते आणि मिनिटभरात सुरळीत होऊन दिवसभर पुन्हा कुरकुर करत नाही. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. गाडी चढाकडे तोंड करून उभी केली की त्रास वाढतो आणि उताराकडे तोंड करून लावली की कमी होतो, असे आढळले तर नळीत हवा शिरते आहे किंवा डिझेल उलटे टाकीत उतरते आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. कारण या गाडीची टाकी मागे आहे आणि चढावर ती इंजिनापेक्षा आणखी खाली जाते.

हाच त्रास फक्त कडाक्याच्या थंडीत, म्हणजे निफाड-नाशिककडच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे किंवा महाबळेश्वरला मुक्कामी गेल्यावर होत असेल आणि मुंबई-ठाण्यात कधीच होत नसेल, तर संशय हीटर प्लगवर, म्हणजे सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या विजेच्या प्लगवर जातो.

याच्या उलट, सकाळी गाडी पटकन सुरू होते, पण दोन-तीन तास चालवून चहाला दहा मिनिटे थांबलात की पुन्हा सुरू व्हायला नकार देते आणि थंड झाली की काही झालेच नाही अशी वागते. इथे क्रँक सेन्सर (इंजिनाची फेरी त्याच्या संगणकाला कळवणारा), गळके नोझल किंवा झिजलेला पंप या तिघांपैकी कोणी तरी असतो. चालता चालता झटक्यात बंद पडणे आणि काही वेळाने आपोआप सुरू होणे हे बहुधा विजेच्या जोडणीचे लक्षण असते. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकीतले डिझेल संपल्यावर गाडी सुरूच होत नसेल, तर नळीत हवा आहे.

कसारा घाटासारख्या चढावर जोर मागितला की इंजिनाचा दिवा लागतो, पिकअप जातो आणि किल्ली बंद-चालू केली की परत येतो, हे लक्षण वरच्यांपैकी एखाद्याच्या जोडीने आले तर तेही याच तक्रारीचा भाग समजावे. मात्र गाडी सुरू होण्यात काहीच अडचण नसेल आणि फक्त काळा धूर व हवा सुटल्यासारखा आवाज असेल, तर टर्बोचा होज फाटलेला असण्याची शक्यता अधिक आहे आणि तो या लेखाचा विषय नाही.

इंजिनाविषयी लागते तेवढेच

के९के या संकेतनामाचे हे इंजिन रेनो कंपनीने २००१ साली क्लिओ गाडीत प्रथम आणले आणि त्याचे मुख्य उत्पादन स्पेनमधील वायादोलिद येथे होत आले आहे. क्षमता १४६१ घनसेंटिमीटर, सिलिंडर चार, व्हॉल्व्ह आठ, कॅमशाफ्ट एक. महिंद्रा-रेनोच्या भागीदारीतून २००७ साली नाशिकला बनू लागलेल्या लोगनमध्ये ते ६५ पीएस शक्ती आणि २००० फेऱ्यांना १६० न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या रूपात आले, आणि रेनो बाहेर पडल्यावर २०११ पासून व्हेरिटो या नावाने विकल्या गेलेल्या गाडीत तेच पुढे चालू राहिले. डस्टर, मायक्रा, सनी या गाड्यांतही के९केच आहे, पण त्यांच्या आवृत्त्या वेगळ्या असल्यामुळे खालील तपासण्या तिथे जशाच्या तशा लागू पडतील असे धरून चालू नये.

आपल्या तक्रारीच्या दृष्टीने या इंजिनाच्या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे टाकीत डिझेल ढकलणारा विजेचा पंप नाही. डेल्फी कंपनीच्या उच्चदाब पंपाच्या पोटात एक लहान पंप आहे, तोच टाकीपासून सगळे डिझेल ओढून आणतो. दुसरी म्हणजे या पंपाला वेगळे ऑइल नाही. त्यातून जाणारे डिझेल हेच त्याचे वंगण आहे. तिसरी म्हणजे रेलमधला, म्हणजे पंपाकडून आलेले डिझेल दाबाखाली धरून चारही नोझलना पुरवणाऱ्या नळीतला दाब साधारण १५० ते २०० बारपर्यंत चढल्याशिवाय संगणक नोझल उघडतच नाही, त्यामुळे थोडीशी हवासुद्धा सुरू होण्याचा वेळ चांगलाच लांबवते. आणि चौथी, जी अनेक अनुभवी मिस्त्रींनाही माहीत नसते, ती म्हणजे या इंजिनाचा एक नंबरचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. स्कॅनरने (गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्राने) एक नंबरचे नोझल दोषी दाखवले आणि मिस्त्रीने सवयीने टायमिंग बेल्टच्या (इंजिनाची फेरी आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याच्या) बाजूने मोजले, तर चांगले नोझल उतरते आणि खराब नोझल जागेवरच राहते.

आधी दोन मनाया

जुन्या डिझेल गाड्यांत एअर काढण्यासाठी सेल्फ मारत मारत नोझलच्या नळीचे नट ढिले करण्याची पद्धत होती. या इंजिनावर ती कदापि वापरू नये. रेलमधला दाब १४०० बारपर्यंत जातो; त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि जखम दिसायला टोचल्याएवढी असली तरी बोट कापण्याची वेळ येऊ शकते. अशी धार लागल्याची शंका जरी आली, तरी थेट रुग्णालय गाठून ‘उच्चदाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. शिवाय पंपापासून रेलपर्यंत आणि रेलपासून नोझलपर्यंतच्या लोखंडी नळ्या एकदा उघडल्या की त्या बदलूनच बसवाव्यात, असा कंपनीचा दंडक आहे.

दुसरी मनाई हवेच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारण्याला आणि गाडी टोचन करून ओढत सुरू करण्याला आहे. स्प्रे आणि तापलेले हीटर प्लग यांची गाठ पडली की पिस्टनचे नुकसान होते, आणि ओढून सुरू करताना बसणाऱ्या हिसक्याने जुन्या टायमिंग बेल्टचे दात सरकू शकतात. या इंजिनात बेल्ट घसरला किंवा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

किल्ली, बॅटरी, अर्थिंग

सर्वांत स्वस्त तपासणी डॅशबोर्डवर आहे. किल्ली फिरवल्यावर इमोबिलायझरचा लाल दिवा काही क्षण लागून विझायला हवा. तो भराभर लुकलुकत राहिला, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. मग सेल्फ कितीही फिरवला तरी संगणक डिझेल सोडणार नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी. जोड किल्लीने गाडी सुरू झाली, तर शोध तिथेच संपला.

त्यानंतर बॅटरी. सेल्फ फिरतो आहे म्हणजे बॅटरी चांगली आहे, हा समज चुकीचा आहे, कारण सेल्फ मंद फिरला की पंपही मंद फिरतो आणि रेलमधला दाब आवश्यक पातळी गाठत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. आकडा साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी चार्ज करून किंवा दुसरी लावून पुन्हा पाहावे. बॅटरी ठीक असूनही सेल्फ जड वाटत असेल, तर टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवावी आणि गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडून, तिच्या खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळावी. कोकणातल्या आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांत ही पट्टी बाहेरून धड दिसते आणि आतून हिरवी पडलेली असते.

आरपीएमचा काटा

सेल्फ फिरत असताना आरपीएमच्या काट्याकडे पाहावे. काटा थोडा तरी उचलला, तर संगणकाला इंजिनाची फेरी कळते आहे. तो शून्यावर खिळून राहिला, तर क्रँक सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर यांच्याकडे वळावे. हा सेन्सर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या घरावर, फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर बसवलेला असतो. कनेक्टर काढून उजेडात धरला की बऱ्याचदा एका पिनवर हिरवट पूड किंवा तेलाचा चिकट थर दिसतो, नाहीतर कनेक्टरची खिटी तुटून तो नुसता अडकवलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना धुवाव्यात, मागची तार किंचित ओढून ती आतल्या आत तुटलेली नाही याची खात्री करावी आणि कनेक्टर ‘कट्’ असा आवाज होईपर्यंत बसवावा. चालता चालता बंद पडणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात. गरम झाल्यावरच काटा मरत असेल आणि कनेक्टर स्वच्छ असेल, तर सेन्सर बदलावा. तो पंपाच्या मानाने फारच स्वस्त आहे.

फिल्टर आणि पाणी

डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला हे सांगता येत नसेल, तर तो बदलण्याची वेळ झाली आहे. पण बदलण्याआधी त्याच्या तळाचा निचरा स्क्रू एक-दीड आटा ढिला करून थोडे डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि पंधरा-वीस मिनिटे ते हलवू नये. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे बसते आणि दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात असे पाणी सापडणे नवलाचे नाही. पाण्यामुळे पंपाच्या आत गंज धरतो आणि वंगण तुटते, म्हणून ही साधी तपासणी दर पावसाळ्यात दोनदा तरी करावी, असे मी सुचवीन. बाटलीतल्या डिझेलला रॉकेलचा वास येत असेल, तर डिझेल जिथे भरता तो पेट्रोल पंप बदलावा. रॉकेलची भेसळ इंजिनाला चालते असे वाटते, पण रॉकेलमध्ये वंगणाचा गुण डिझेलपेक्षा कमी असतो आणि त्याची किंमत उच्चदाब पंपाला मोजावी लागते.

हवा: खरा वेळ इथे द्यावा

पंप डिझेल ओढतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो. शहाळ्याच्या स्ट्रॉला मधेच भोक पडले तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसेच इथे होते. म्हणून ‘खाली कुठेही डिझेल गळत नाही, नळ्या कोरड्या आहेत’ हा पुरावा या तक्रारीत कामाचा नाही. गळती आतल्या दिशेने आहे, ती जमिनीवर दिसणार नाही.

पहिली चाचणी फुकटची आहे. इंजिनाच्या कक्षात डिझेलच्या नळीत काळ्या रबराचा फुगा बसवलेला असतो, तोच हातपंप. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली न फिरवता सकाळी तो दाबून पाहावा. एक-दोन दाबांत तो घट्ट झाला, तर नळी भरलेली आहे. तो मऊ पडलेला असेल आणि घट्ट व्हायला बरेच दाब लागले, तर रात्रीतून डिझेल मागे उतरले आहे. आता तो घट्ट होईपर्यंत दाबून मग सेल्फ मारावा. एरवी दमवणारी गाडी लगेच सुरू झाली, तर हवेचा दोष सिद्ध झाला आणि पंप-नोझलवरचा संशय निदान तूर्त तरी दूर झाला. एकाच सकाळवर विसंबू नये. दोन-तीन दिवस हेच करून पाहावे.

दुसरी चाचणी पारदर्शक नळीची. फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या नळीत, जोडाच्या मापाला घट्ट बसणारी आणि डिझेल सोसणारी पारदर्शक नळी मधे बसवावी. ती सैल बसली तर तीच हवा ओढेल आणि आपण भलत्याच दिशेला जाऊ, म्हणून दोन्ही टोकांना क्लिप हव्यातच. फुगा दाबून हवा काढावी, इंजिन सुरू करावे आणि नळीच्या मागे पांढरा कागद धरून पाहावे. सुरुवातीला उरलेसुरले चार-दोन बुडबुडे जातात, त्यांची चिंता नको. पण दोन-तीन मिनिटांनंतरही मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक सरकत राहिले, ॲक्सिलरेटर थोडा वाढवल्यावर त्यांची माळ दाट झाली, आणि इंजिन बंद केल्यावर नळीच्या उंच वळणात बोटाच्या पेराएवढी पोकळी साचली, तर हवा नक्की येते आहे.

आता ती कुठून येते, हे शोधायचे. स्वच्छ डिझेलचा एक कॅन बोनेटजवळ सुरक्षित जागी ठेवून फिल्टरकडे जाणारी नळी त्यात बुडवावी. बुडबुडे थांबले, तर दोष टाकीपासून इथपर्यंतच्या मार्गात आहे. चालूच राहिले, तर फिल्टरचे डोके, त्याचे कनेक्टर किंवा पंपाकडे जाणारा शेवटचा तुकडा दोषी आहे. असे अर्धे अर्धे करत गेले की दोष फार वेळ लपत नाही.

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा दोषी ठरतात ते फिल्टरवरचे प्लास्टिकचे झटपट जोड. इंजिनाच्या उष्णतेने त्यांचे प्लास्टिक ठिसूळ होते आणि आतली ओ-रिंग कडक होऊन सपाट पडते. दर वेळी फिल्टर बदलताना हे जोड ओढले जातात, म्हणून ‘फिल्टर बदलल्यापासून त्रास सुरू झाला’ ही तक्रार इतकी कानावर येते. नवा फिल्टर बहुधा निर्दोष असतो. खिटी तुटलेला जोड बाइंडिंगच्या तारेने बांधून काम भागत नाही, कारण तार त्याला जागेवर धरते पण ओ-रिंगवर सारखा दाब देत नाही. त्यानंतर क्रम लागतो तो फुग्याच्या मानेवरच्या भेगेचा. फुगा दोन्ही हातांनी किंचित वाकवला की केसासारखी भेग उघडी पडते. मग निचरा स्क्रूचा वॉशर. मग गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या नळीचे जोड, जिथे दगड लागलेला असतो. आणि सगळ्यात शेवटी टाकीच्या आतली ओढ-नळी. टाकी पाव भरलेली असतानाच त्रास होतो आणि भरली की नाहीसा होतो, असे असेल तरच टाकीपर्यंत जावे.

इंजिन चालू असताना फुगा आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसला, तर गोष्ट निराळी आहे. तिथे हवा येत नसून टाकीच्या बाजूला मार्ग तुंबला आहे. टाकीतली जाळी किंवा दबलेली नळी पाहावी.

यावर दोन ‘तोडगे’ बाजारात सर्रास केले जातात. एक म्हणजे नळीत एकेरी व्हॉल्व्ह बसवणे. त्याने रात्री डिझेल मागे उतरत नाही, सकाळी गाडी झटक्यात सुरू होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण गाडी चालू असताना हवा पूर्वीइतकीच शिरत असते आणि आता तिची चुगली करणारे लक्षणच बंद केलेले असते. दुसरा म्हणजे मधे विजेचा पंप जोडणे. तोही दोष झाकतो, दूर करत नाही. हवा डिझेलची जागा घेते तेवढा वेळ पंपाचे भाग कोरडे घासतात, आणि त्या घासण्यातून सुटलेला लोखंडी चुरा रेलमधून थेट नोझलमध्ये जातो. या इंजिनाचे मोठे खर्च बहुतांशी याच वाटेने येतात.

कोणताही जोड उघडल्यावर फुगा घट्ट होईपर्यंत दाबल्याशिवाय सेल्फ मारू नये. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त चालवू नये आणि मधे त्याला अर्धा-एक मिनिट विश्रांती द्यावी. कोरड्या पंपावर सेल्फ रेटत राहणे म्हणजे पंप स्वतःच्या हाताने घासणे होय. उघड्या नळ्यांची तोंडे स्वच्छ टोपणांनी झाकावीत. कापसाचे बोळे किंवा सुती चिंध्या खुपसू नयेत, त्यांचे धागे आत जातात.

हीटर प्लग

ही तपासणी मी मुद्दाम हवेनंतर ठेवली आहे, कारण आपल्याकडच्या हवामानात एखादा प्लग मेला तरी इंजिन थोडे कुरकुरून सुरू होते. प्लगची तार काढून ओहम-मीटरने प्लग आणि इंजिनाचे अंग यांमधला अवरोध मोजावा. चांगला प्लग एक ओहमपेक्षा कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारही ठीक असतील तर रिले आणि फ्यूज पाहावेत. मात्र प्लग काढताना हात जड लागला, तर तिथेच थांबावे. हेड ॲल्युमिनियमचे आहे, वर्षानुवर्षे न हललेला प्लग जोर केला की मोडतो आणि त्याचे टोक हेडमध्ये राहते. मग दोन-चारशे रुपयांच्या भागासाठी हेड उतरवावे लागू शकते.

स्कॅनर

इथपर्यंत दोष सापडला नाही, तर स्कॅनर असलेल्या माणसाकडे जावे. नुसता एरर कोड वाचून तो पुसू देऊ नये. सेल्फ मारत असताना रेलचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहायला सांगावे. प्रत्यक्ष दाब वर चढतच नसेल, तर तो तयार होत नाही किंवा कुठून तरी निसटतो आहे. दाब पुरेसा चढूनही इंजिन पकडत नसेल, तर पंपाला हात लावण्याचे कारण उरत नाही. मग क्रँक आणि कॅम सेन्सर यांचा मेळ, टायमिंग आणि कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) यांकडे पाहावे लागते. ‘रेल प्रेशर लो’ असा कोड आला म्हणजे पंप गेला असे होत नाही, कारण तुंबलेला फिल्टर आणि हवा यांनीही नेमका हाच कोड येतो.

नोझलचा रिटर्न

प्रत्येक नोझलमधून थोडे डिझेल परत टाकीकडे जाते. चारही नोझलच्या रिटर्नला सारख्या मापाच्या बाटल्या जोडून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवले आणि एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल साचले, तर ते नोझल दाब निसटू देते आहे. गरम झाल्यावर सुरू न होणाऱ्या गाडीची ही चाचणी इंजिन गरम असतानाच करावी, कारण गरम डिझेल पातळ होते आणि गळती तेव्हाच उघड होते. रिटर्नचे प्लास्टिकचे जोड नाजूक असतात. पूर्वी हे काम केलेले नसेल, तर ते पंप-नोझलच्या कारागिराकडून करून घेणे स्वस्त पडते.

इथे थांबा

फिल्टरमधले किंवा रिटर्नचे डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात पाहिले आणि त्यात चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक तरंगताना दिसली, तर गाडी पुन्हा सुरू करू नये. तो पंपाचा चुरा आहे. अशा वेळी नुसता पंप बदलून उपयोग नाही. रेल, नळ्या आणि नोझल यांत अडकलेला चुरा नवा पंपही काही दिवसांत खराब करतो, आणि रिटर्नवाटे तो टाकीतही पोचलेला असतो. हे काम टेस्ट बेंच (पंप-नोझल तपासण्याचे यंत्र) असलेल्या डेल्फीच्या जाणकार कारागिराचेच आहे. गाडी टोचन करून, म्हणजे न्यूट्रलमध्ये ओढून किंवा उचलून तिथे न्यावी.

टायमिंग बेल्ट किती जुना आहे हे ठाऊक नसेल आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, मोकळा फिरल्यासारखा वाटत असेल, तर पुढे एकदाही सेल्फ मारू नये. इंजिनाच्या खालच्या भागातून ठक-ठक असा जड आवाज येत असेल, तर स्टार्टिंगचा प्रश्न बाजूला ठेवून बिग-एंडचे (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथले) बेअरिंग तपासून घ्यावे; ऑइल फार लांबवलेल्या के९के इंजिनांत ते झिजते. कम्प्रेशन कमी आढळले तर व्हॉल्व्हचा गॅपही मोजायला सांगावा. या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे गॅप आपोआप जमवणारे टॅपेट नाहीत. इनटेकचा गॅप ०.२० आणि एक्झॉस्टचा ०.४० मिलिमीटरच्या आसपास लागतो आणि तो वेगवेगळ्या जाडीचे टॅपेट बदलूनच जमवावा लागतो, त्यामुळे हे काम पान्या-स्क्रू ड्रायव्हरने घरी उरकण्यासारखे नाही.

नोझल दुरुस्त करून किंवा नवे घेऊन बसवले, तर प्रत्येक नोझलवर कोरलेला सोळा अक्षरांचा संकेतांक स्कॅनरने संगणकात भरून घ्यावा. तो त्या नोझलच्या डिझेल सोडण्याच्या मापाचा हिशेब असतो. न भरल्यास गाडी सुरू होते, पण आयडलला ठोकते, धूर टाकते आणि पुन्हा संशय चांगल्या भागांवर जातो. कोणता संकेतांक कोणत्या सिलिंडरला भरला, हे गिअरबॉक्सच्या बाजूने एक-दोन-तीन-चार असे मोजून बिलावर लिहून घ्यावे.